अतियाच्या आईचं नाव

"आणि हाजी, तुमच्या आईचं नाव काय?" असं डॉक्टर रनीमने विचारलं, तेव्हा उस्ता अतिया खुर्चीतून उठला आणि मुलीला म्हणाला, "चल रावया, ऊठ. ही जागा बरी नाही."

तोवर सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. आज वार कुठला, हे शहर कुठलं, शंभरातून सात काढा, पुन्हा सात काढा. वार चुकला होता आणि वजाबाकी मध्येच रुतून बसली होती, तरी म्हातारा मजेत होता. लक्षात ठेवायला पाच शब्द दिले होते, त्यांतले तीन त्याने परत केले आणि उरलेले दोन दुम्यातहून मन्सूऱ्याच्या या दवाखान्यात येताना गाडीत सांडले असतील म्हणाला. डॉक्टर खळखळून हसली होती. आणि आता ही मुलगी, आपल्या नातीच्या वयाची, दार सताड उघडं टाकून त्याला आईचं नाव विचारत होती.

"बाबा, बसा," रावया म्हणाली. "चाचणीतला प्रश्न आहे तो."

"चाचणीतला असो नाहीतर कबरीत फरिश्ते विचारतात तो असो. माझ्या बापाने कधी बाहेर घेतलं नाही ते नाव, मी घेऊ?"

इजिप्तमधल्या आमच्या दुम्यातमध्ये अतियाच्या पिढीच्या पुरुषाला आईचं नाव विचारणं म्हणजे भर बाजारात त्याचा झगा फेडणं. आई असते ती 'उम्म अतिया', अतियाची आई, बस्स. शाळेत पोरं मार खातील, पण आईचं नाव सांगणार नाहीत. एकाला कळलं की गल्लीभर होतं, आणि मग ते नाव घेऊन पोरं मागे लागतात ती मिसरूड फुटेपर्यंत. जगातल्या कुठल्याशा मोठ्या विद्यापीठात ही प्रश्नावली कुणीतरी शहाण्याने तयार केली, इथे कुणीतरी तिचं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की या प्रश्नाला आमचे धडधाकट म्हातारेसुद्धा मख्खपणे गप्प बसतील.

रनीम मात्र मुळात आमच्याकडचीच. तिने जीभ चावली, उठून दार लावलं. "चुकलं माझं, हाजी. माझे आजोबा असते तर त्यांनी मला काठीच घातली असती. सांगूच नका. मनातल्या मनात म्हणा. आठवलं एवढं मला सांगा, मी खूण करते."

हे अतियाला पटलं. तो बसला, डोळे मिटले, आणि ते नाव म्हणायला आत वळला.

तिथे काहीच नव्हतं.

त्याने पुन्हा पाहिलं. घाईत राहिलं असेल. हत्यारांच्या पेटीत हात घातल्यावर बारीक पटाशी लगेच हाताला लागत नाही, तसं असेल. पण हात फिरतच राहिला. आईचा चेहरा होता, कपाळावरचा काळा रुमाल होता, भट्टीतून भाकऱ्या काढताना लालबुंद झालेले तिचे गाल होते. नाव नव्हतं. कागदोपत्री तिचं नाव फातिमा होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ते सरकारी दफ्तरापुरतं. त्या नावाने तिला कुणी हाक मारलेली त्याने ऐकली नव्हती. तिला बायका ज्या नावाने बोलवत ते वेगळं होतं, आणि आयुष्यभर इतकं जपून, दडवून ठेवलेलं ते नाव आता त्याच्यापासूनच दडलं होतं.

"आठवलं?" रनीमने विचारलं.

"न आठवायला काय झालं," अतिया म्हणाला. तिने खूण केली.

खरं तर त्याला इथे आणलं होतं ते खुर्च्यांमुळे. अतिया दुम्यातचा नावाजलेला लाकूड कोरणारा, म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणत, म्हणजे उस्ताद. लग्नाच्या दिवाणखान्यासाठी सोनेरी खुर्च्यांची जोडी असते, तिच्या पाठीवर त्याने कोरलेली फुलं लोक हात फिरवून ओळखायचे. गेल्या हिवाळ्यात त्याने एका खुर्चीवर गुलाब कोरला आणि जोडीच्या खुर्चीवर द्राक्षांचा घोस. गिऱ्हाईक काही बोललं नाही, रावया बोलली. तिथून एक डॉक्टर, मग दुसरा, मग ही रनीम, जिच्याकडे सगळ्यांत नवं यंत्र होतं.

यंत्रात घालण्याआधी तिने त्याला समजावलं. "हाजी, मेंदूत बारीक बारीक पेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते तो दोघी जिथे भेटतात तिथे, त्यांच्या सांध्यावर. आठवणी राहतात त्या या सांध्यांच्या जोरावर. मी दंडात एक औषध सोडणार, ते जाऊन फक्त सांध्यांना चिकटतं आणि यंत्राला दिसतं. जिथे सांधे दाट तिथे चित्र लाल, जिथे विरळ तिथे निळं. दुखत नाही. फक्त हलायचं नाही आणि बोलायचं नाही."

"सांधे मला शिकवतेस?" अतिया म्हणाला. पण त्याच्या मनात एकच होतं: ही मघाशी खूण करून बसली, आणि आता यंत्र आपली लबाडी पकडणार.

चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळला, डोकं पक्कं बसलं आणि फळी आत सरकली. यंत्र घुमायला लागलं. डोळे मिटून तो नदीवर गेला, कारण दुसरीकडे कुठे जावं हे त्याला सुचेना.

लहानपणीचं घर अगदी नाईलच्या काठावर होतं. खाली बोटी लागायच्या, वरच्या मजल्यावर आई भट्टीपाशी बसायची. पेरूच्या दिवसांत सगळा काठ पेरूच्या वासाने भरून जाई, आणि बाप कारखान्यातून आला की त्याच्या दाढीत लाकडाचा भुसा असे. आई तो भुसा फुंकर मारून उडवायची आणि तो रागावल्याचं सोंग करायचा. किती सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे सुख आहे! दर आठवड्याला एझबेत अल-बुर्ग या कोळ्यांच्या गावाहून मावशी यायची, नवऱ्याच्या होडीतून, सार्डिन मासळीची टोपली घेऊन. जिना चढायचा तिला कंटाळा. ती काठावरच उभी राहायची, दोन्ही हात तोंडाशी धरायची आणि बहिणीला हाक मारायची. मग आई खिडकीत यायची, कोपरापर्यंत पीठ माखलेलं, आणि लहान पोरीसारखी हसायची. ते हसू तिने नवऱ्याला दाखवलं नाही, मुलालाही नाही. ते फक्त मावशीसाठी होतं.

यंत्रात पडल्यापडल्या अतियाने मावशीला पुन्हा पुन्हा काठावर उभं केलं. हात तोंडाशी गेले, तोंड उघडलं, गळ्याची शीर फुगली. आवाज नाही. आई खिडकीत आली, हसली, पण कशाला ओ दिली ते ऐकू येईना. मावशी जाऊन जमाना झाला होता. त्याची स्वतःची बहीणही गेली. बायकोने तर सासूला 'उम्म अतिया'शिवाय कधी काही म्हटलं नाही, आणि ती स्वतःच गेली होती. रावयाच्या जन्माआधीच आई वारली. म्हणजे ते नाव जगात एकाच जागी शिल्लक होतं, आणि त्या जागेचीच आता चित्रं काढणं चाललं होतं.

तेवढ्यात त्याला काठावर मावशीच्या मागे आणखी एक पोरगा दिसला. उकिडवा बसलेला, गळाला आमिष लावणारा, कान टवकारून ऐकणारा. गल्लीतला मितवल्ली!

"हाजी, हलू नका हं," रनीमचा आवाज यंत्रातून आला.

चित्रं दाखवायला तिने त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलं. पडद्यावर मेंदूचा आडवा काप होता, कलिंगडाच्या चकतीसारखा. बराचसा भाग लाल आणि पिवळा. कानाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, करंगळीएवढा पट्टा निळसर.

"इथे सांधे कमी झालेत," रनीम म्हणाली. तिने आडवळण घेतलं नाही, हे तिचं चांगलं. "नव्या आठवणी याच भागातून आत जातात, आणि जुन्यांकडे जाणाऱ्या बऱ्याचशा वाटाही इथूनच निघतात. आजार सुरुवातीला आहे. औषधं देऊ, चालणं, माणसांत मिसळणं, हाताला काम. पण हे सांधे पुन्हा पहिल्यासारखे होतील असं मी खोटं सांगणार नाही."

रावयाने बापाचा हात धरला. अतिया पडद्याकडे बघत होता.

"पोरी, या चित्रात नाव दिसतं का?"

"कसलं नाव?"

"मी त्या दिवशी खोटं बोललो. मनातल्या मनातसुद्धा मला ते म्हणता आलं नाही." हे सांगताना त्याने पडद्यावरून नजर काढली नाही. "ती खूण खोड तू."

रनीम खुर्ची पुढे ओढून बसली. "नाही दिसत, हाजी. हे यंत्र सांधे किती ते सांगतं, त्यांत काय ठेवलंय ते नाही. नाव पुसलं गेलं असेल, किंवा असेल जागेवर आणि तिथे जायची वाट तेवढी मोडली असेल. हे माझ्याकडे कळायला मार्ग नाही. पण दुसऱ्या वाटेने माणसं कधी कधी पोचतात. वासाने, गाण्याने, कुणाच्या आवाजाने."

दुम्यातच्या वाटेवर अतिया गाडीत एकदम म्हणाला, "मितवल्लीच्या दुकानावरून घे."

रावयाला वाटलं, आजार एका आठवड्यात वाढला. मितवल्ली मुशब्बकवाला हे नाव घरात घ्यायची सोय नव्हती. अख्खं गाव त्याच्या दुकानातून ती जाळीदार, पाकात बुडवलेली, जिलबीच्या थोरल्या बहिणीसारखी मिठाई नेतं. अतियाच्या घरात मात्र ती पलीकडच्या रस्त्यावरून यायची, आणि ती चिवट असायची. का, ते अतियाने कधी सांगितलं नाही. आता गाडीत सांगितलं. तो लहान होता तेव्हा मितवल्लीने मावशीची हाक ऐकली आणि ते नाव घेऊन गल्लीभर नाचला. अतिया बापाच्या कारखान्यातून लाकडी हातोडा घेऊन आला आणि त्याने त्याचा पुढचा दात पाडला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

"एवढ्यावरून? जन्मभर?" रावयाने विचारलं.

"एवढ्यावरून म्हणजे? आईचं नाव होतं ते!"

मितवल्ली दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता. कढई आता मुलगे सांभाळत. त्याने अतियाला येताना पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"अतिया आहेस की त्याचं भूत?"

"भूत असतो तर बऱ्या ठिकाणी गेलो असतो."

"त्या पलीकडच्या चोराचा मुशब्बक खाऊन खाऊन बघ कसा वाळलायस. ही मुलगी का? ये गं, बस. उस्ता, तू चहा घेणार, की पिऊन आलायस?"

हा आमच्या गावचा पाहुणचार. साऱ्या इजिप्तमध्ये आमच्या चिक्कूपणावर विनोद चालतात, आणि ते खोटे आहेत असं मी म्हणणार नाही. चहा आला, तिघांत मिळून एकच कप, जास्त साखरेचा. अतियाने तो हातातही घेतला नाही.

"तुला ते नाव आठवतं?"

"कुठलं?"

"ज्याच्यापायी तुझा दात गेला."

मितवल्लीचा हात आपोआप तोंडाकडे गेला. तिथे आता सोन्याचा दात होता. तो सावरून बसला. "हे बघ, भांडायला आला असशील तर माझे मुलगे आत आहेत. मी त्यानंतर ते नाव तोंडातून काढलेलं नाही. तुझ्या बापाने मला कान धरून मशिदीत नेलं, कुराणावर हात ठेवायला लावला. मुलगी झाली तेव्हा माझी बायको नेमकं तेच नाव ठेवायचं म्हणत होती. मी नको म्हटलं. का नको, ते सांगता येईना! बाळंतपणात बाई माझ्याशी बोलली नाही."

"मला आठवत नाही," अतिया म्हणाला.

"काय आठवत नाही? हातोडा?"

"नाव. माझ्या आईचं नाव मला आठवत नाही, मितवल्ली. डोक्यातले सांधे निखळायला लागलेत, आत्ता चित्र बघून आलो. आणि तुझ्याशिवाय ते ठाऊक असलेलं कुणी उरलेलं नाही."

मितवल्लीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"शपथ आहे रे," तो शेवटी म्हणाला.

"मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, की सुटते. मशिदीतले शेखसाहेब दर रमजानला सांगतात."

"दहा! नाव तुला हवं आणि गरीब मी पोसायचे?"

"निम्मे माझे."

"सगळे तुझे असायला पाहिजेत. दात माझा गेला."

"दुम्याती मेला!"

"तू कुठला रे, मक्केचा?"

रावया हसली. पण मितवल्लीचं हसणं मध्येच विरलं. "अतिया, चेष्टा सोड. या गल्ल्यावर बसून मी हजार खोट्या शपथा खाल्ल्या. तूप ताजं आहे, पाक आजचा आहे. एवढी एकच मी पाळली. वर गेल्यावर दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. ती मोडायला लावली नाहीस तर आयुष्यभर ऋणी राहीन."

अतियाने त्याच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्याला तो नावाचा चोर समजत होता, त्याने ते नाव आपल्यापेक्षाही जपून ठेवलं होतं. राग धरायला काही जागाच राहिली नाही.

"राहू दे मग," तो उठत म्हणाला. "ठेव तुझ्याकडे. निदान कुणापाशी तरी आहे."

मितवल्लीने मुशब्बकचा मोठा पुडा रावयाच्या हातात कोंबला आणि पैसे घेतले नाहीत. दुम्यातमध्ये याला चमत्कारच म्हणतात. बाप-लेक निघाले. संध्याकाळची गर्दी होती, खुर्च्यांचे सांगाडे लादलेल्या हातगाड्या मधून जात होत्या. अतिया पाय ओढत चालला होता. कोपऱ्यापर्यंत पोचले असतील नसतील, तोच मागून, फुटक्या, म्हाताऱ्या, पण अगदी लहानपणच्या त्याच नाचऱ्या चालीत आरोळी आली:

"ए नफूसाच्या पोरा!"

हातगाडी थांबली. दुकानांतून माणसं बाहेर डोकावली. आता काहीतरी होणार, दोन म्हातारे एकमेकांच्या दाढ्या उपटणार, असं सगळ्यांना वाटलं. अतिया वळला. मितवल्ली खुर्चीवर चढून उभा होता, हात तोंडाशी धरून, आणि त्याच्या गळ्याची शीर फुगली होती.

आणि काठावरच्या मावशीला आवाज फुटला. नफूसा! अगं ए नफूसा, खाली ये, सार्डिन आणल्यात, जिना कोण चढतंय! वर खिडकीत पिठाचे हात आले, आई वाकली आणि हसली, आणि या वेळी ती कशाला हसली ते अतियाला ऐकू आलं. भर रस्त्यात तो रडायला लागला. लाज वाटली नाही.

"परत ओरड!" तो मितवल्लीला म्हणाला.

"आणखी दहा गरीब लागतील!"

"लागू देत. ओरड!"

"नफूसाच्या पोरा! नफूसाच्या पोरा!" मितवल्ली खुर्चीवरून ओरडत राहिला, आणि तोही रडत होता. त्याचे मुलगे त्याला धरून खाली उतरवायचा प्रयत्न करत होते.

रावयाने बापाच्या दंडाला हात लावला. "बाबा, नफूसा म्हणजे आजी?"

"तुझी आजी."

"नफूसा," तिने हळूच म्हणून पाहिलं. सवयीने अतियाने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग त्याचं त्यालाच हसू आलं.

"एवढ्या हळू नाही," तो म्हणाला. "मी हे परत विसरणार आहे. त्या पोरीने चित्रात दाखवलंय, निळं. मितवल्ली काय मला जन्माला पुरणार आहे? तेव्हा मी विसरलो की तू शहाणपणा करून माझ्या कानात कुजबुजत बसू नकोस. खाली रस्त्यावर उभी राहा, हात तोंडाशी धर, आणि मला असंच ओरडून सांग."